'अवकाळी' म्हणणं आता बंद करायचं का? (नाशिक)

शिवारातली_लेक

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. नोकरीमुळे मी नाशिकरोडला राहते. गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा कपाटात सातबारा शोधताना बाबांच्या फवारणीच्या वह्या हाती लागल्या. अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे आमची. १९९६ पासून बाबा दरवर्षी एक वही करतात. छाटणीची तारीख, कुठलं औषध मारलं, किती मजूर होते, सगळं त्यात असतं. आणि भलत्या वेळी पाऊस आला की लाल पेनाने 'अवकाळी' असं लिहून खाली रेघ मारतात.

जुन्या वह्यांत लाल शाई शोधावी लागते. दोन-तीन वह्या उलटल्या की कुठेतरी एखादी नोंद सापडते. अलीकडच्या सात-आठ वह्यांत मात्र लाल शाई नाही अशी एकही वही नाही. २०२५ च्या वहीत तर मे महिन्यापासून पानंच्या पानं लाल आहेत. त्या वर्षी मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. त्याच्या आधीपासूनच आमच्याकडे पाऊस चालू होता आणि नंतर तो ऑक्टोबरपर्यंत हललाच नाही. कुठला पाऊस पावसाळ्याचा आणि कुठला अवकाळी, हे बाबांना ठरवता आलं नसावं. एका पानावर त्यांनी नुसतं लाल प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

ते पान बघितल्यापासून डोक्यात एकच विषय आहे, म्हणून हा धागा.

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मी तेव्हा घरीच होते. गारांचा आवाज असा होता की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर बागेत गेले. पानांच्या चिंध्या झालेल्या, आणि हरभऱ्याएवढ्या मण्यांवर एका बाजूने तपकिरी डाग. बाबा एकेक घड हातात घेऊन फिरवून बघत होते, मागच्या बाजूने तरी शाबूत आहे का म्हणून. पहिली ओळ त्यांनी अशी पूर्ण बघितली. दुसऱ्या ओळीत गेलेच नाहीत. बांधावर येऊन बसले आणि आईला म्हणाले, "चहा टाक."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पंचनामे झाले, पुढारी बांधावर आले, मदत जाहीर झाली, उशिरा आणि तुटपुंजी मिळाली. मग पुढचा अवकाळी आला.

माझं म्हणणं असं, की 'अवकाळी' या शब्दानेच आपला घात केलाय. अवकाळी म्हणजे काळ सोडून आलेलं, चुकून आलेलं. चुकून आलेल्या गोष्टीची कोणी आधी तयारी करत नाही, झाल्यावर भरपाई मागतात. आपण प्रत्येक गारपीट, प्रत्येक पूर, प्रत्येक उन्हाळा सुटासुटा धरतो. त्यामुळे दर वेळी मागणी एकच, पंचनामा करा. हे सगळं कशामुळे होतंय आणि पुढच्या दहा वर्षांचं काय, हे ना आपण विचारतो ना आपल्याला कोणी सांगतं. २०२४ साल जगात आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त. २०१५ च्या पॅरिस करारात दीड अंशाच्या आत थांबायचा प्रयत्न करू असं ठरलं होतं. एका वर्षावरून ती मर्यादा कायमची ओलांडली असं होत नाही हे मलाही कळतं. पण त्या बातमीवर आमच्या शिक्षकखोलीत एक वाक्यही बोललं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

जानेवारी २०२६ मध्ये नाशिक महापालिकेची निवडणूक झाली. २०२२ पासून प्रशासकच होते, त्यामुळे इतक्या वर्षांनी कोणीतरी दारात मत मागायला येत होतं. आमच्या सोसायटीत चार उमेदवार येऊन गेले. मी चौघांनाही विचारलं, ऊन वाढतंय, तासाभरात रस्त्यांचे ओढे होतायत, आपल्या प्रभागात यासाठी काय करणार? एकाने झाडं लावू म्हटलं. एक म्हणाले, "ताई, हा केंद्राचा विषय आहे." दोघांना प्रश्नच नवा होता. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या मागे आमच्याच सोसायटीतली दहा-बारा माणसं उभी होती. त्यांच्यापैकी एकानेही तो प्रश्न पुढे लावून धरला नाही. विषय लगेच पार्किंगवर गेला.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? आणि गप्प का आहोत आपण सगळे?

---

मखमलाबाद_रोड

वाचतेय. प्रश्नचिन्हाचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हेच, फक्त लिहून ठेवलेलं नाही कोणी.

---

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, धागा काढलात बरं केलंत. गारपीट निदान दिसते तरी. २०२५ ला जे झालं ते दिसतच नव्हतं, ते सांगतो.

एप्रिलमध्ये आपण खरड छाटणी घेतो. त्यानंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही कळत नाही. त्या दिवसांत डोळ्यावर चांगलं ऊन पडावं लागतं. नेमकं त्याच दिवसांत आभाळ आणि पाऊस. बाग मात्र हिरवीगार, काडी जोमात. त्या वेळी पाहणीला आलेले साहेब म्हणाले, बाग तर छान आहे, नुकसान कुठे आहे? मी काय दाखवणार? ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) घेतली, डोळे फुटले, तेव्हा कळलं. ज्या फुटीला दोन-दोन घड दिसायचे तिथे नुसती बाळी, म्हणजे वेलाचे तणावे. घड आतल्या आतच जिरले होते. मे महिन्यातलं नुकसान ऑक्टोबरात दिसलं, आणि तोवर त्या पावसाची फाईल बंद झालेली.

मदतीचा हिशेब पण सांगून ठेवतो, शहरातल्या लोकांना माहीत नसतो. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषात फळबागेला हेक्टरी साडेबावीस हजार रुपये धरले होते, दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे एकरी नऊ हजार. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत जातो. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशी रोग) आली की चार दिवसांच्या फवारणीत नऊ हजार उडतात. आता म्हणतात प्लास्टिक कव्हर टाका. टाकायला आम्ही तयार आहोत, पण ते एकरी काही लाखांचं काम आहे, आणि आधीचं पीककर्जच फिटलेलं नाही.

गप्प का, तर कर्जात असलेला माणूस पुढच्या छाटणीचं बघतो. दहा वर्षांचं बघायला उसंत लागते.

---

जुनं_नाशिक

मी ७४ वर्षांचा आहे, सगळं आयुष्य पंचवटीत गेलं. १९६९ च्या सप्टेंबरातला पूर मी डोळ्यांनी पाहिलाय, नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला पाणी लागलं होतं. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. सुकडी खाल्ली आहे, आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. तेव्हा हवामान बदल हा शब्द कोणी ऐकला नव्हता. पूर-दुष्काळ निसर्गात येतातच. आणि धूर सोडला तो अमेरिकेने, युरोपने, आता चीन सोडतोय. अमेरिका तर पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडली. मग निफाडच्या शेतकऱ्याने आणि नाशिकच्या नगरसेवकाने काय करायचं? मनापासून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.

---

पाटबंधारे_निवृत्त

काका, घंटेचं आणि बहात्तरचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पूर पूर्वीही येत. फरक पडलाय तो किती वेळा येतात आणि पाऊस कसा पडतो यात. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे मधले दिवस कोरडे जातात आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. कारण त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पात शोधलं, तिथले वारे आता जास्त लहरी झाले आहेत. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने तापल्याचं नोंदलंय. आपला सगळा पाऊस त्या पाण्यावरून येतो.

आता हे धरणाच्या दारावर उभं राहून कसं दिसतं ते सांगतो. दारणा १९१६ चं, गंगापूर साठच्या दशकातलं. कुठल्या पंधरवड्यात धरण किती भरून ठेवायचं याचं वेळापत्रक असतं आणि ते जुन्या पावसाच्या आकड्यांवर बेतलेलं असतं. जुलै अर्धा कोरडा गेला की वरून विचारणा सुरू, पाणी धरून ठेवा, शहराला उन्हाळ्यात काय देणार? मग तीन दिवसांत इगतपुरी-त्र्यंबकला असा कोसळतो की दारं उघडल्याशिवाय गत्यंतर राहत नाही, आणि खाली होळकर पुलापाशी लोक म्हणतात धरणवाल्यांनी बुडवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती, लोक तिच्यावरून पूर मोजतात) बुडाला त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नव्हतो. एका महिन्यात टंचाईची बैठक आणि पुराची बैठक, दोन्ही त्याच टेबलावर मी बसून पाहिल्या आहेत.

सराफ बाजारात दर मोठ्या पावसाला पाणी शिरतं, कारण सरस्वती नाला गावाखालून जातो आणि त्याला आपण कोंडून टाकलंय. पूर्वी दिवसभरात पडायचा तेवढा पाऊस आता तास-दोन तासांत येतो. गटारं मात्र जुन्याच हिशेबाची.

राजकारणाचं म्हणाल तर पाण्यावर आपल्याकडे राजकारण भरपूर होतं. जायकवाडीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, त्यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टात भांडतात, सर्वपक्षीय नेते एका व्यासपीठावर येतात. ते भांडण कळतं, कारण समोर शत्रू दिसतो. पण दोघांच्या डोक्यावरचं आभाळच बदलतंय, यावर एकत्र बैठक झालेली माझ्या नोकरीत तरी मी पाहिली नाही.

---

पेठची_सिस्टर

मी पेठ-सुरगाण्याकडे आरोग्याचं काम करते. इथलं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे पाऊस धो-धो, नाशिक शहराच्या तिप्पट धरा. पण उतार असा की पाणी दमणगंगा, नार-पारने गुजरातेकडे निघून जातं. मार्चनंतर विहिरी तळाला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका पाड्यावर लसीकरणाला गेले होते. सकाळचे सहा. आठवा महिना लागलेली बाई विहिरीच्या काठावर बसून होती, तिची जाऊ आत उतरलेली. झऱ्यात पाणी पाझरायचं, ती वाटीने हंड्यात भरायची. एक हंडा भरायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं, बावीस मिनिटं. त्या दोघी रात्री तीनपासून नंबर लावून होत्या.

पावसाळ्यात वेगळा त्रास. लोक राब भाजून तयार ठेवतात, पहिल्या पावसावर भाताचं बी टाकतात. मग पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो, रोपं पिवळी पडतात, दुसऱ्यांदा बी कुठून आणायचं?

उन्हाने माणूस गेला तर कागदावर ऊन येत नाही. हृदय बंद पडलं, जुलाब झाले, वय झालं होतं, असंच लिहिलं जातं. नोंदच नाही तर मागणी कशाच्या जोरावर करणार? २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेली माणसं गेली तेव्हा राज्याने दखल घेतली, कारण ती एकाच मैदानावर गेली. पाड्यापाड्यावर एकेक जाणारा माणूस मोजला जात नाही.

आणि दिंडोरीच्या दादांना एक सांगायचंय. आमच्याकडची अर्धी माणसं तुमच्याच बागांत कामाला असतात, छाटणीला, थिनिंगला (मण्यांची विरळणी), डिपिंगला (घड औषधात बुडवणं). तुमचे घड जिरले तेव्हा आमच्या माणसांचे तीन महिने गेले. पंचनाम्यात मजुराचा रकाना नाही.

---

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, खरं आहे. माझ्याकडे दरवर्षी पेठकडची सतरा-अठरा माणसं थिनिंगला असतात. या वेळी सहा जणांनाच बोलावलं. बाकीच्यांना फोनवर नाही म्हणताना मलाच बोलवेना.

---

तपोवन_चालत

लोक गप्प आहेत हे पूर्ण खरं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामासाठी (कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाची जागा) तपोवनातली सतराशेहून जास्त झाडं काढायची नोटीस लागली, तेव्हा काय झालं आठवा. शेकडो हरकती लेखी गेल्या. सुनावणीला माणसं मावेनात. आज्या झाडाला हात लावून उभ्या होत्या, कॉलेजची मुलं, वारकरी, वेगवेगळ्या पक्षांची माणसं. मी रोज जायचो. माझ्यासोबत एक रिक्षावाले काका यायचे. ते म्हणायचे, दुपारी भाडं नसलं की मी याच चिंचेखाली झोपतो, इथे अंगाला उन्हाचा चटका लागत नाही.

मी त्यावर बराच विचार केलाय. झाड दिसतं. त्याला नंबर टाकलेला असतो, नोटिशीवर तारीख असते, हरकतीची मुदत असते, कोणाच्या नावे अर्ज करायचा ते लिहिलेलं असतं. म्हणून माणूस घराबाहेर पडतो. तापमानवाढीला यातलं काहीच नाही. मग आपणच तिला पत्ता आणि तारीख द्यायला हवी. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात खूप माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. किती अंशाला इशारा द्यायचा, कोणत्या दवाखान्यात काय तयारी ठेवायची, कोणाला फोन करायचा, सगळं त्यात ठरलेलं. मुंबईचा हवामान आराखडा २०२२ चा. आपल्याकडे २०२७ मध्ये कुंभाला कोटींच्या संख्येने लोक येणार, अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे गोदावरीला पूर यायच्या दिवसांत. रस्त्यांच्या निविदांबद्दल रोज बातम्या येतात. तीन तासांत दीडशे मिलिमीटर पडला तर रामकुंडावरची गर्दी कुठे हलवायची, हा प्रश्न लोकांनी जाहीरपणे विचारायला हवा, आत्ताच.

---

एकलहऱ्याची_पोर

सगळं पटतं, पण एक अवघड गोष्ट बोलते. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. आमचं शिक्षण, घर, सगळं त्या कोळशावर झालं. २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. ६६० मेगावॅटचा नवा संच आणा ही मागणी बरीच वर्षं आहे, प्रत्येक निवडणुकीत येते, आणि तिला गर्दीही जमते, कारण पोरांना काम हवंय. सातपूर-अंबडला कंत्राटी नोकरीत काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोळसा नको म्हणणाऱ्या माणसाने आमच्या वसाहतीत येऊन सांगावं, बदल्यात काय. ते कोणी सांगत नाही, म्हणून आमची मतं त्या नव्या संचाकडे जातात. माझंही मन दोन्हीकडे ओढतं. वडिलांना दम्याचा त्रास आहे.

---

जुनं_नाशिक

सगळं नीट वाचलं. विहिरीचं दोनदा वाचलं. मी बहात्तरबद्दल लिहिलं, तेव्हा निदान सरकारने काम काढलं होतं, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. लोकांनी मागितलं म्हणून आला. अमेरिकेचं सोडा, पण इथे काय मागायचं ते कोणीतरी स्पष्ट लिहा. मी पंचवटीत माझ्या ओळखीच्या पन्नास घरांत जाऊन सांगू शकतो.

---

शिवारातली_लेक

काका, तुमचा हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला.

धूर कोणी सोडला यात तुमचं बरोबरच आहे. भारतात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि पेठच्या पाड्यावरचं तर नसल्यातच जमा. श्रीमंत देशांकडे आपल्या सरकारने जोर लावून मागायला हवं, आणि २०७० चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन पाळायची सुरुवात कुठून, हे आपण सरकारला विचारायला हवं. पण सरस्वती नाल्याचं तोंड मोकळं करायला वॉशिंग्टनहून कोणी येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये सांगितलंय की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क नागरिकांना घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून मिळतो. म्हणजे कोणी 'केंद्राचा विषय' म्हणालं तर हे सांगता येईल.

वरच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून मला मागण्या दिसल्या त्या अशा. नाशिकचा उष्णतेचा आराखडा लोकांसमोर यावा आणि त्यात दुपारी उघड्यावर काम करणाऱ्यांच्या वेळा ठरवाव्यात. उन्हाने गेलेल्याची नोंद उन्हाने गेला अशीच व्हावी. धरणांचं वेळापत्रक नव्या पावसाच्या आकड्यांवर पुन्हा बांधावं. घड जिरण्याचं नुकसान ऑक्टोबरात मोजावं, मे महिन्यात नाही. पंचनाम्यात मजुराचा रकाना यावा. एकलहऱ्याला कोळशाच्या बदल्यात काय, याचं उत्तर लेखी मिळावं, नोकऱ्यांच्या आकड्यासह. ही शेवटची मागणी मला सर्वांत अवघड वाटते, आणि ती सोडून बाकीचं मागायला मला लाज वाटेल.

या मागण्या शहरात प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि गावात ग्रामसभेत मांडायच्या. १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावात मी आणि बाबा हा विषय मांडणार आहोत. बाबा वह्या घेऊन येणार आहेत, सगळ्या. आजवर ते ग्रामसभेत पाण्याच्या पाळीशिवाय कशावर बोललेले नाहीत.

---

पेठची_सिस्टर

मजुराच्या रकान्याचा मसुदा कोणी लिहून देईल का? आमच्या पाड्यांच्या ग्रामसभेत मी वाचून घेते. सोप्या मराठीत हवा, एका पानात.

---

पाटबंधारे_निवृत्त

मी देतो, उद्या संध्याकाळपर्यंत. नाल्याचा आणि धरणाचाही वेगळा लिहितो. जुनं नाशिक काका, तुमच्यासाठी पंचवटीचा छापील काढून ठेवतो.

---

दिंडोरीचा_बागायतदार

एक व्यवहाराची गोष्ट. ग्रामसभेचा विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. नाहीतर 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी ढकलतात, तोवर माणसं उठून गेलेली असतात आणि कोरमच्या सह्या आधीच झालेल्या असतात. ताई, अर्ज या आठवड्यातच टाका. वह्यांची लाल पानं झेरॉक्स करून सोबत जोडा, मूळ वही कोणाच्या हातात देऊ नका.